वारा नव्हता

आबा, त्या सकाळी मी उतारावरच्या दगडावर बसून राखेनं भांडी घासत होते. पातेल्याच्या बुडाला आदल्या दिवशीचं पिठलं चिकटलेलं होतं, ते काही केल्या निघत नव्हतं, म्हणून नारळाच्या शेंडीत थोडी वाळू घेऊन घासत होते. वर घरात आई भाकरी थापत होती. तिच्या थापण्याचा आवाज खाली उतारापर्यंत येत होता, इतकं शांत होतं. चुलीचा धूर कौलांतून निघून काठीसारखा सरळ वर चालला होता. धरणाच्या पाण्यावर एक सुरकुती नव्हती. तुम्ही होडीत बसून झिरपलेलं पाणी पत्र्याच्या डब्यानं उपसत होता. मग पलीकडून कुकारा आला. डोंगरातली माणसं तोंडाला दोन्ही हात लावून घालतात ती लांब हाक. मी लगेच तुमच्याकडे बघितलं, कारण कुकारा आला की तुमचे हात आपोआप वल्ह्याकडे जायचे. त्या दिवशी डबा थांबला, आणि परत चालू झाला. दुसरा कुकारा आला. मी म्हणाले, "आबा, वाडीवरनं कुनीतरी कुकारतंय." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "वारा हाय. भांडी आटप."

मी तेव्हा चौथीत होते. वारा कशाला म्हणतात ते मला कळत होतं. तरी मी पुन्हा एकदा म्हणाले, तेव्हा तुम्ही डबा होडीत आपटलात आणि मी गप्प बसले. ते पातेलं मी नंतर किती घासलं असेल कोण जाणे. आईनं ते हातात घेतलं तेव्हा म्हणाली, आज काय भोक पाडायचं होतं का ह्याला.

तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माझे केस आता तुमच्यापेक्षा पांढरे झालेत. तुमचे जावईही गेले. घोरावाडीजवळच्या रेल्वे फाटकावर ते गेटमन होते हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच तर ते स्थळ आणलं होतं, सरकारी नोकरी आहे म्हणून. एका दुपारी फाटक उघडून केबिनमधल्या खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. त्यांनी मला दागिने काही केले नाहीत, पण स्टेशनावर कुणी टाकून दिलेली मासिकं, रद्दीतली पुस्तकं, अर्धवट फाटलेल्या कादंबऱ्या असं जे मिळेल ते घेऊन यायचे. चौथी शिकलेली बाई मी, त्यावरच पुढं शिकले. ज्या कादंबरीचं शेवटचं पान नसायचं तिचा शेवट आम्ही दोघं जेवताना ठरवायचो. आता ठरवायला समोर कुणी नसतं. पण वाचायची सवय गेली नाही. कार्ल्याला लेण्यांच्या पायथ्याशी माझी ताका-सरबताची टपरी आहे. गिऱ्हाईक नसलं की वाचत बसते. हे पत्रही तिथंच बसून लिहितेय, म्हणून मधेमधे तुटलं तर समजून घ्या. समजून घ्या असं सवयीनं लिहिलं. तुम्ही हे वाचणार नाही हे मला कळतं.

लोकांना तुमची होडी अजून आठवते. धरणाचं पाणी चढलं आणि खालचा रस्ता बुडाला, तेव्हा आपलं गाव एका काठावर राहिलं आणि डोंगराची वाडी दुसऱ्या. दवाखाना, शाळा, बाजार सगळं आपल्या बाजूला. वाडीवाल्यांना यायचं तर पाण्याला वळसा घालून, खिंड चढून, अख्खा दिवस मोडून यावं लागायचं. म्हणून सरकारनं एक होडी दिली आणि गावानं ती तुमच्या ताब्यात दिली. सुगी झाली की दोन्ही काठांवरच्या घरांनी तुम्हाला भात घालायचं आणि तुम्ही वर्षभर सगळ्यांना न्यायचं-आणायचं, अशी बोली होती. देवळापुढं नारळ फोडला आणि तुम्ही पाण्यात हात बुडवून शब्द दिलात, की पलीकडून हाक आली की होडी जाणार. हाक कुणाची हे विचारायचं नाही. मी तेव्हा आईच्या कडेवर होते म्हणे. पण हे मी इतक्या वेळा ऐकलं की पाण्यातला तो तुमचा हात मला दिसतो.

आणि मग जाळ्यांवरून भांडण झालं. वाडीची माणसं आपल्या काठाजवळ मासे धरतात, आपली जाळी उचकटतात, असं गावाचं म्हणणं. वाडीचं म्हणणं, पाणी काय तुमच्या बापाचं आहे का, आमची जमीन पण त्याच पाण्याखाली आहे. एकाचं डोकं फुटलं. मग गावातले चार मोठे आपल्या अंगणात येऊन बसले, आईनं त्यांना चहा केला, आणि ते तुम्हाला सांगून गेले की वाद मिटेपर्यंत वाडीचं एक माणूस आपल्या उतारावर उतरता कामा नये. होडी कुणी थांबवत नाही, असं ते म्हणाले. तू खुशाल जा पलीकडं, कुणालाही होडीत घे, पण हितं उतरवायचं न्हाई. आणि उतरवलंस तर होडी दुसऱ्याला देऊ. बोलणं सगळं गोडीत झालं. एक जण जाताना माझ्या गालाला हात लावून गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती सकाळ आली. वाडीतली एक पोर बाळंतपणाला अडली होती. तिला झोळीत घालून, बांबूला अडकवून, तिचा भाऊ आणि दीर पलीकडच्या काठावर घेऊन आले होते, आणि कुकारा घालत होती तिची आई. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती हाका घालत होती. मी भांडी घेऊन घरात गेले तरी ऐकू येत होतं. तुम्ही जेवलात. मग हाका थांबल्या. ते वळशानं निघाले होते. खिंडीच्या अलीकडेच ती पोर गेली, पोटातल्या लेकरासकट. दोन दिवसांनी गावात कळलं. तुम्ही पडवीत बसला होता आणि आईला म्हणालात, "आनून उतरवू कुटं? माज्या डोक्यावर?" मी दाराआड होते. हे वाक्य पुढं आयुष्यात परत ऐकावं लागेल असं मला वाटलं नव्हतं.

दिवाळीनंतर वाद मिटला. मिटला म्हणजे दोन्हीकडची माणसं एकत्र बसून प्याली आणि मिटला. वाडीची माणसं पुन्हा होडीनं यायला लागली. त्या पोरीची आई पण आली, डोक्यावर कंदांची पाटी घेऊन. मी तुमच्यासाठी उतारावर डबा घेऊन आले होते. तिनं पाटी खाली ठेवली आणि साध्या आवाजात विचारलं, "भाऊ, त्या दिशी होडी कुटं व्हती?" तुम्ही म्हणालात, "हितंच व्हती मावशे. पर ऐकू आलं न्हाई. वारा उलटा व्हता." ती थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय. वारा आसंल." आणि पाटी उचलून बाजाराला गेली.

त्यानंतर तुम्ही कुणाची हाक टाळली नाहीत, हे मी बघितलंय. जोराच्या पावसात गेलात, तापात गेलात, आईच्या दहाव्याला पिंड ठेवून तसेच ओल्या धोतरानं गेलात. त्या मावशीला उतरताना तुम्ही हात द्यायचात, तिच्याकडून भात कधी घेतलं नाहीत. लोक म्हणायचे, असा माणूस होणे नाही. तुम्ही गेलात तेव्हा देवळापुढं भाषणं झाली. त्या चारातला एक जण अजून हयात होता, तो बोलायला उभा राहिला आणि म्हणाला की ह्या माणसानं जन्मात एक हाक वाया जाऊ दिली नाही. मी बायकांच्यात बसले होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण लेक कशी उठणार. तुम्ही तिला हात दिलात आबा. खरं एक वाक्य दिलं नाहीत. हात देणं सोपं असतं, तो चार माणसांना दिसतो.

पुढं गावात त्या वाक्याचीच गोष्ट झाली. मुलगा लहान असताना जेवत नसला की मी पण तीच सांगायची, आबांची होडी आणि पलीकडची हाक. घास घास भरवत होडी पलीकडे न्यायची. दुसरी, खरी गोष्ट लेकराला भरवता येत नाही. ह्याचा परिणाम काय झाला ते बघा. तो दहावीनंतर म्हणाला, मी जहाजावर जाणार. ह्यांनी हात टेकले. सह्याद्रीत जन्मलेलं पोर, धरणापलीकडं पाणी पाहिलेलं नाही, आणि खलाशी व्हायचंय म्हणे. पण गेला. आता मोठ्या मालवाहू जहाजावर असतो. डेकवर रंग काढायचा, दोर ओढायचे, आणि ठरलेल्या वेळी वर उभं राहून समुद्रावर नजर ठेवायची. समोर काही दिसलं तर साहेबाला सांगायचं. त्याचं हेच काम.

मागच्या महिन्यात पहाटेच्या पाळीला त्याला एक होडी दिसली. लाकडी, ओझ्यानं काठापर्यंत पाण्यात बुडालेली. आत माणसंच माणसं. दुर्बिणीतून बायका दिसल्या, पोरं दिसली. माणसं डब्यातून पाणी उपसत होती. तो फोनवर हे सांगताना मी टपरीत लिंबं कापत होते, आणि डबा म्हटल्यावर माझा हात थांबला. त्यांच्या देशात त्यांची घरं जाळतात, म्हणून ती माणसं अशी समुद्रात निघतात, जो किनारा घेईल तिकडं. हा साहेबाला म्हणाला, होडी आहे. साहेबानं बघितलं, कप्तानाला उठवलं. कप्तान आला, त्यानंही बघितलं. आणि म्हणाला, जहाज थोडं बाजूला घ्या. मुलगा म्हणतो, साहेब काहीतरी बोलायला गेला तेव्हा कप्तान म्हणाला, घेऊन उतरवायचं कुठं?

आबा, अगदी हेच. माझ्या डोक्यावर, एवढंच म्हणाला नाही.

मुलगा म्हणतो, कप्तान वाईट माणूस नाही. ह्याच कंपनीच्या दुसऱ्या जहाजानं मागे अशीच माणसं वर घेतली होती. मग एकही बंदर त्या जहाजाला आत येऊ देईना. हा देश म्हणे तिकडं न्या, तो म्हणे जिथून आणलीत तिकडं न्या. जहाजावरचं पिण्याचं पाणी संपत आलं. पुढं त्या कप्तानाला कंपनीनं घरी बसवलं. हे सगळ्या कप्तानांना माहीत आहे.

मी मग कायदा वाचला. मुलगा शिकत होता तेव्हापासून त्याच्या पुस्तकांत डोकं घालायची मला खोड आहे, इंग्रजी अक्षर लावत लावत. आता फोनवर मराठीतही मिळतं. कायदा इतका सरळ आहे की वाचून मला राग आला. समुद्रात जीव धोक्यात असलेलं माणूस दिसलं, तर आपलं जहाज बुडणार नाही एवढं बघून, होईल तितक्या वेगानं जाऊन त्याला वाचवायचं. ते कुठल्या देशाचं, कशासाठी निघालंय, कागद आहेत का, हे विचारायचं नाही. तुम्ही पाण्यात हात बुडवून बोललात तेच, फक्त साहेबी भाषेत. पुढं लिहिलंय की वाचवलेल्यांना सुखरूप जागी पोचवायचं. आणखी एका करारात आहे की जिवाच्या भीतीनं पळून आलेल्याला परत त्याच भीतीत ढकलायचं नाही. आपल्या देशानं त्या करारावर सही केलेली नाही, हेही मला त्याच दिवशी कळलं. सगळं वाचून झाल्यावर मी शोधत होते की उतरवून घ्यायचं कुणी. सगळ्यांनी एकमेकांना मदत करावी, असं लिहिलंय. म्हणजे वाचवणाऱ्याचं नाव आहे, उतरवून घेणाऱ्याचं नाही. अंगणात बसून चहा पिणारे चार जण प्रत्येक गावाला असतात, आणि ते होडी कधीच थांबवत नाहीत.

टपरीवरही हा विषय निघाला, कारण शेजारची कणसंवाली फोनवर बातम्या लावून बसते. अशीच एक होडी कुठल्याशा किनाऱ्याला लागली होती, ते दाखवत होते. ती म्हणाली, "आपल्यालाच न्हाई धड जागा, ह्यांना कुटं घ्येत्यात?" मी म्हणाले, तुझ्या सासऱ्याला धरणासाठी उठवून इथं आणून टाकलं तेव्हा इथली माणसं हेच म्हणाली होती. "म्हनली ना," ती म्हणाली, "हिरीवर पानी भरू दिलं न्हाई सासूला. दोन वर्सं." मग, मी म्हटलं. ती कणीस फिरवत राहिली. "मग काय. आमी सोसलं, त्यांनीबी सोसावं. तुजं वाचन तुज्यापाशी ठेव बाई, गिऱ्हाईक आलंय बघ तुजं." आणि हसली. स्वभावानं वाईट नाही ती. हे गेले तेव्हा सगळे दिवस माझ्या घरी पिठलं-भाकरी तिनंच पोचवली.

त्या होडीतली थोडी माणसं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी वाचवली. थोडी. त्यांनी सांगितलं की लाल रंगाचं मोठं जहाज आमच्या जवळून गेलं, त्यावरची माणसं आम्हाला दिसत होती. मग चौकशी लागली. जहाज एका बंदरात उभं केलं. चौकशीवाले एकेकाला बोलावून विचारणार होते. आणि त्याआधी कंपनीचा माणूस येऊन सगळ्यांना समजावून गेला, की अंधूक उजेड होता, लाटा होत्या, काही दिसलं नाही. सगळ्यांनी एकच सांगायचं. जो वेगळं सांगेल त्याला पुन्हा कुठल्या जहाजावर कोण घेणार, हे तो गोडीतच म्हणाला.

मुलानं दुपारी फोन केला. म्हणाला, "आई, उद्या माझी पाळी आहे. त्यांनी विचारलं तर मी काय सांगू?" टपरीसमोर शाळेची सहल आलेली, पोरं ताक ताक करून ओरडत होती. मी फोन खांद्याला धरून पेले भरत होते. आबा, मी तुमच्यावर आयुष्यभर चिडलेली बाई. कायदा वाचलेली. मला वाटलं होतं मला उत्तर पाठ आहे. आणि माझ्या तोंडातून आलं, "नाही दिसलं म्हण. अंधार होता म्हण. तू सुखरूप घरी ये." त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं. तू जेवलीस का?" मी म्हटलं, जेवले. फोन ठेवला आणि पेले विसळायला घेतले. त्या पोरीची आई पाण्याकडे बघत उभी राहिली होती, तशी मी बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिले. मला एकुलता एक मुलगा आहे. तुम्हाला आम्ही दोघी होतो, आई आणि मी, आणि होडी गेली असती तर आम्ही काय खाल्लं असतं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. ते दिसलं म्हणून राग कमी झाला असं मात्र समजू नका. उलट वाढला. तुम्ही हे मला देऊन गेलात, नाक जसं दिलंत तसं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "आई, रागावू नकोस. तू म्हणालीस तसं नाही सांगितलं मी." तो पुढं सांगत गेला, "दिसली होती म्हणून सांगितलं. कुणी कुणी बघितली तेही सांगितलं. आता हे मला पुन्हा जहाजावर घेणार नाहीत बहुतेक. येईन घरी, ताक विकीन." मी म्हटलं, ताकाची टपरी एकीलाच पुरत नाही. तो हसला. मग म्हणाला, "मी आत बसलो होतो ना, तेव्हा आबाच आठवत होते. तूच सांगायचीस. आबांनी जन्मात एक हाक वाया जाऊ दिली नाही. म्हटलं, त्यांचा नातू म्हणवून घेतो आणि हे कसं बोलू?"

बघा आबा. खरं बोलणारा निघाला एकदाचा आपल्या घरात, आणि तो उभा आहे तुमच्या खोट्यावर.

दुसऱ्या दिवशी टपरी कणसंवालीवर सोपवली आणि जीपनं वाडीवर गेले. आता पाण्याला वळसा घालून रस्ता झालाय, होडी केव्हाच बंद पडली. रस्त्यानं सगळे शहरवाल्यांचे बंगले झालेत, पाण्याकडं तोंड करून. मावशी कधीच गेली. तिचा मुलगा, ज्यानं बहिणीची झोळी खांद्यावर घेतली होती, तो आहे. म्हातारा झालाय. दारात बसून जाळं शिवत होता. मी कुणाची मुलगी ते सांगितलं तसा म्हणाला, "होडीवाल्या भाऊची? ये ताई, बस." सुनेला चहा टाकायला सांगितला. मी चहा यायची वाट बघितली नाही, कारण चहा प्यायल्यावर मला बोलता आलं नसतं. म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी वारा नव्हता. आबांना ऐकू गेलतं. मी तिथंच होते."

तो गाठ मारत होता ती पुरी केली. दातानं दोरा तोडला. मग म्हणाला, "ठावं हाय."

त्यानं पाण्यापलीकडं बोट केलं.

"तुमच्या चुलीचा धूर सरळ वर जात व्हता. हितनं दिसत व्हता आमाला. आयनंच दावला मला. म्हनली, बघ, वारा न्हाई, ऐकू जातंय त्याला."

आबा, ती "वारा आसंल" म्हणाली, त्याला मी जन्मभर भोळेपणा समजत आले होते. कधी कधी क्षमाही समजले. मी त्याला विचारलं, मग मावशी इतकी वर्षं आबांच्या होडीत कशी बसायची? त्यांचा हात कसा धरायची?

त्यानं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. मला वाटतं, कीव होती थोडी.

"दुसरी होडी व्हती का ताई?"

चहा आला. आम्ही प्यायलो. त्यानं विचारलं, मुलगा काय करतो. मी म्हटलं, जहाजावर होता, आता येईल घरी. बरं झालं, तो म्हणाला, म्हातारपणी जवळ असावं पोर. निघताना त्यानं मला कंद दिले, मी घेतले.

संध्याकाळी घरी पोचले तर मुलाचा फोन. जेवलीस का, विचारलं. मी म्हटलं, कंद उकडलेत. कुठून आणलेस, म्हणाला. मी म्हटलं, बाजारातून. मग तो पुन्हा आबांचं काहीतरी बोलला, आणि मी हं हं करत ऐकून घेतलं. खरं काय ते त्याला सांगितलं नाही.